ठकीच्या खिंडीतली तिसरी हाक

तुम्ही बसला आहात तीच ठकीची खिंड. मोबाइलच्या नकाशात हिचं नाव नुसतं 'व्ह्यू पॉइंट' असं टाकलंय, परवा एका पाहुण्याने दाखवलं. व्ह्यू आहे खरा. आलो त्या बाजूला कोकण, पलीकडे आमचं कारवंडीचं पठार, आणि मधे हा दोन कड्यांमधला दरवाजा. पण आज ढग भरलाय, तेव्हा व्ह्यू पुन्हा कधीतरी. आज नुसतं बसा.

निनादभाऊ, या मंडळींचे पुढारी तुम्ही ना? मग आधी पिशवी उतरवा आणि घड्याळ बघायचं सोडा. तुमच्या शर्वरी मॅडम अजून खालच्या वळणावर आहेत. गुडघा धरलाय त्यांचा. माझी सून मंजुळा त्यांच्या मागे आहे, त्यामुळे काळजी नाही. पण सगळी माणसं वर आल्याशिवाय या खिंडीतून पलीकडे कुणी उतरत नाही. जेवण थंड होईल म्हणता, होऊ द्या. पिठलं परत गरम करता येतं.

मघाशी तुमच्यातल्या दोघांनी एको ऐकायला आरोळी ठोकली आणि मी इथून ओ दिली. तुम्ही हसलात. परत ओरडलात, मी परत ओ दिली. म्हातारा खुळा आहे असं वाटलं असेल. दर शनिवार-रविवारी हेच चालतं. कितीतरी ग्रुप येतात, जो तो घसा मोकळा करतो, आणि आमच्या गावचं जे कुणी खिंडीत असेल ते प्रत्येक आरोळीला ओ देत बसतं. संध्याकाळी घरी बोलायला आवाज उरत नाही. मी चिडतो, खोटं कशाला सांगू. पण ओ चुकवत नाही.

का चुकवत नाही ते सांगतो. मॅडम येईपर्यंत वेळ आहेच. मला चिंधूबाबा म्हणतात. मी हे माझ्या आज्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या आज्याकडून. तिथून मागे कुठवर जातं ते मला माहीत नाही.

घाटात मोटारीचा रस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. तेव्हा या वाटेने मजा म्हणून कुणी चालत नसे. असं सांगतात की कारवंडीचं सगळं मीठ कोकणातून यायचं. आमची माणसं हिरडा आणि मध घेऊन खाली उतरायची, आणि मीठ, सुकी मासळी घेऊन वर चढायची. पावसाळ्यात वाट बंद. दसरा येईतो घराघरातली मिठाची मडकी खरवडून झालेली असायची. दसरा झाला, पाऊस ओसरला की मिठाची पहिली खेप निघे. तुम्ही पाण्याची बाटली जड झाली म्हणून वाटेत कुरकुरत होता. त्या बायामाणसांच्या डोक्यावर मिठाचं ओझं असायचं आणि पायात काही नसायचं.

या खेपेचा वाटाड्या होता धावजी. तरणा गडी, डोळे झाकून घाट चढेल असा. वाटाड्याने पुढे चालायचं आणि मागे वळायचं नाही, ही तेव्हाची रीत. ढगात वाट डोळ्यांनी दिसत नाही, ती पायांनी शोधावी लागते. मान वळली की पाऊल वळतं आणि पाऊल वळलं की कडा. म्हणून धावजी पुढे, आणि सगळ्यात शेवटी त्याची धाकटी बहीण ठकी. बाप लहानपणीच गेलेला, घरात आई साळू आणि ही दोघं. ठकी शेवटी चाले, कारण तिचा आवाज मोठा होता. मधली माणसं रेंगाळली की ती मागून हाकलत आणायची. तिने या टेकाडावरून हाक मारली की समोरच्या रानातली गुरं माना वर करायची म्हणे. तिचा आवाज ओळखत नाही असं माणूस कारवंडीत नव्हतं.

आता चकव्याचं सांगायला हवं. तुम्ही चकवा म्हणजे वाट चुकणं समजता. आमच्याकडे चकवा म्हणजे रानातलं एक भूत. ते माणसाला मारत नाही, नुसतं फिरवतं. तिथल्या तिथे फिरवतं आणि कड्यावर नेऊन सोडतं. आणि ते बोलावतं ते ओळखीच्या आवाजात. आईच्या, भावाच्या, ज्याच्यावर जीव असेल त्याच्या. पण त्याला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही. एकदा मारतं, फार तर दोनदा. म्हणून जुन्या माणसांनी नेम घालून दिला होता की ढगात हाक आली तर ओ द्यायची नाही, हलायचं नाही, तिसरी हाक येईपर्यंत गप्प राहायचं. तिसरी आली तर माणूस. नाही आली तर चकवा, आणि मग ढग फाटेतो आहे तिथे बसून राहायचं.

हा नेम आमच्या पोरांना चालायला लागल्यापासून शिकवत. नेम वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याने कितीतरी जीव राखले असतील. म्हणून तर पुढचं सांगताना मला जास्त वाईट वाटतं.

त्या वर्षी खेप वर चढत असताना अवेळी ढग उतरला. आजच्यासारखाच, पण त्यात बारीक पाऊस आणि वारा. मिठाला पाणी लागलं तर सगळी खेप वाया, म्हणून ज्याने त्याने अंगावरचं काढून ओझ्यावर टाकलं आणि पाय उचलला. तुम्ही चढलात तेच ते खालचं वळण, जिथे कारवीच्या झुडपांतून वाट दोन्हीकडे फुटल्यासारखी दिसते. तिथे ठकीच्या पायात काटा मोडला. ती काढायला वाकली तेवढ्यात पुढची माणसं ढगात शिरली. ती उठली तेव्हा पुढे कुणी नव्हतं. तिने भलतीकडची वाट धरली, ती एका दगडाशी जाऊन संपली. तिथून पुढे नुसता पांढरा ढग.

धावजी खिंडीत पोहोचला. ओझं उतरवलं. एकेक माणूस वर येत गेलं. बुधा म्हातारा आला, त्याच्यामागून बाया आल्या. ठकी आली नाही. धावजी तिथे त्या कडेला उभा राहिला, तुमची ती काठी टेकवली आहे ना, तिथेच. त्याने खाली तोंड करून हाक मारली.

"ठके!"

काही नाही. थोडा थांबला आणि पुन्हा मारली.

"ठके गं!"

काही नाही. तिसरी हाक मारायला त्याने छाती भरून घेतली, आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

"दादा!"

एकदाच. आवाज ठकीचा होता. सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या कुणाचा असता तर कदाचित ते ओ देऊन मोकळेही झाले असते. पण चकवा नेमका ज्याच्यावर जीव असतो त्याचा आवाज घेतो, आणि धावजीने आत्ताच दोनदा तिचं नाव घेतलं होतं. बुधा म्हाताऱ्याने त्याच्या दंडाला धरलं. "गप," म्हणाला, "तुझ्या तोंडून नाव ऐकलं अन् तिचा आवाज घेतला त्यानं. तिसरी येऊ दे."

धावजीने भरलेली छाती तशीच सोडली. तिसरी हाक गिळली. सगळे गप्प उभे राहिले, ठकीच्या आवाजात दुसरी हाक येते का, तिसरी येते का ऐकत. ओल्या अंगांना कापरं भरेतो थांबले. काही आलं नाही. तेव्हा बुधा म्हणाला की चकवा होता, पोरगी मागच्या टप्प्यावरच बसली असेल शहाणी, ढग फाटला की येईल. आणि मीठ उचलून सगळे पलीकडे उतरले.

साळू दारात उभी होती. माणसं येताना दिसली, पोरगी दिसली नाही. धावजीने घडलं ते सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तू किती येळा हाक मारलीस?"

"दोन."

ती तशीच वाटेला लागली. पण गावाने तिला जाऊ दिलं नाही. दिवस कलला होता, ढग होता, आणि चकव्याला तिच्या पोरीचा आवाज मिळाला होता. आई गेली तर परत येणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी तिला धरून घरात बसवलं. प्रेमानेच बसवलं. मी पुष्कळदा विचार करतो की त्या दिवशी जे जे काही झालं त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. एक जरी माणूस वाईट असता तर गोष्ट ऐकायला सोपी गेली असती.

सकाळी ढग फाटला आणि सगळे धावत आले. ठकी इथून दिसली. इथून, बसल्या जागेवरून. त्या खालच्या दगडाशी, अगदी हाकेच्या अंतरावर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नेमाप्रमाणे हलली नव्हती. अंगावरची घोंगडी तिने मिठाच्या ओझ्यावर टाकली होती, आणि रात्रभर वाऱ्यापावसात तशीच बसली होती. मीठ कोरडं होतं.

जीव होता अजून. तिला उचलून इथे खिंडीत आणलं, आईच्या मांडीवर घातलं. शेकोटी केली. तिने डोळे उघडले, धावजीकडे बघितलं आणि म्हणाली,

"दादा, दोनच येळा हाक मारलीस रं."

 ती बोलत राहिली, तुटक तुटक. "तुझाच आवाज वाटला. म्हून म्या बी एकदा हाक मारून बघितली. म्हनलं, तू असशील तर तिसरी मारशील. मंग म्या गप बसले." आणि थोड्या वेळाने, जसं काही समजूत घालावी तसं म्हणाली, "तिसरी मारली असतीस, तर ओ दिली असती म्या."

उन्हं वर येण्याआधी ती गेली.

म्हणजे बघा, दोघांनी एकमेकांना ऐकलं होतं. दोघांनी आवाज ओळखला होता. तो तिच्या तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिला आणि ती त्याच्या. दोघं एकाच आईची, एकच नेम शिकलेली. परका कुणी असता तर ओरडत सुटला असता आणि वाचला असता.

साळू रडली नाही म्हणतात. तिने पोरीला खाली ठेवलं आणि त्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे जाऊन उभी राहिली. तो घाटजाईचा दगड, घाटाची राखणदार. तिथे ती सगळ्या गावासमोर बोलली.

"घाटजाये, आजपासनं या खिंडीत पयल्या हाकेला ओ मिळंल. हाक मारनारा मानूस हाय का चकवा, ते तू बघ. म्या न्हाई बघनार."

गाव हादरलं. बाई दुःखाने बोलली असं म्हणून आधी सोडून दिलं. पण ती घरी परतलीच नाही. या कड्याला लागून तिने खोपट बांधलं आणि इथेच राहिली. तुम्ही ज्या सपाट दगडावर चिप्स मांडलेत ती साळूची बैठक. असू द्या, उचलू नका, तिला भुकेलं माणूस चालायचं.

गावाने तिला सुखाने राहू दिलं असं नाही. लोक म्हणू लागले की ही बाई चकव्याला बळ देते, ही ओ देईल आणि तो गावात शिरेल. पोरांना खिंडीकडे पाठवेनात. तिच्याशी बोलणं टाळू लागले. धावजी तेवढा रोज भाकरी घेऊन यायचा आणि घटकाभर बसून जायचा. त्याची हाक बसली होती. बोलायचा, पण मोठा आवाज निघायचाच नाही. वाटाड्याचं काम त्याने सोडलं नाही, पण पुढे चालायचं सोडलं. तो शेवटी चालू लागला, ठकीच्या जागेवर. म्हणून आज मंजुळा शेवटी आहे. आमच्यात कसलेला वाटाड्या मागे असतो. मी पुढे चालतो याचा अर्थ तुम्ही लावून घ्या.

पुढच्या पावसाळ्यात एका ढगाळ दिवशी खालून हाक आली. एकच. साळूने त्याच क्षणी ओ दिली आणि ढगात शिरली. रानात गुरं राखणाऱ्यांनी तिची ओ ऐकली आणि ती जाताना पाहिली. त्यांनी गावात जाऊन सांगितलं, गेली म्हातारी. पण ती परत आली, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन आला तो बुधा म्हातारा. औषधी मुळी खणायला गेला होता, पाय मुरगळून पडला होता. त्याच्यात एकाच हाकेपुरता दम होता. दुसरी मारता आली नसती, तिसरी तर नाहीच. साळूने त्याला इथे बसवलं, पाणी दिलं. बुधा दिवसभर डोळ्यांना पंचा लावून बसला होता म्हणतात.

त्यानंतर गावाने तिला बोल लावणं सोडलं. आणि ती बाई वर्षानुवर्षं ओ देत राहिली. कोकणातले मीठवाले, ओझी वाहणारे, लग्नाचं वऱ्हाड, कुणीही असो. या वाटेवरून तिच्यामुळे किती माणसं घरी पोहोचली याची गणती कुणी ठेवली नाही. कधी कधी ओ देऊन जायची आणि खाली कुणीच नसायचं. तशीच परत यायची, दमलेली, आणि पुन्हा कान देऊन बसायची.

एकदा धावजीने तिला विचारलं म्हणे, "आये, भ्या न्हाई वाटत?" तेव्हा तिने त्याला सांगितलं. कुणाचीही हाक येवो, बाप्याची, बाईची, म्हाताऱ्याची, तिला ती ठकीच्याच आवाजात ऐकू यायची. "दर बारीला तिचाच आवाज येतो रं," ती म्हणाली. "जाते. दर बारीला दुसरंच कुनी निघतं." आणि ती जाणं थांबवत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे ती बाई येते ती अशीच, ढगातून दुसऱ्याचं पोर हाताला धरून वर आणताना. मला हे नीट सांगता येत नाही. तुमच्यात कुणी आई असेल तर तिला कळेल.

साळूचा शेवट कसा झाला याबद्दल गावात अजून वाद आहे. ती फार म्हातारी झाली होती. ढगाचा दिवस होता आणि धावजी भाकरी घेऊन आला होता. दोघं बसली होती. साळू एकदम उठली आणि तिने मोठ्याने ओ दिली. धावजीने हाक ऐकलीच नव्हती. त्याने अडवायला हात पुढे केला, मग मागे घेतला. एकदा धरून बसवलेलं त्याला आठवलं असेल. ती उतरत गेली, ढगात दिसेनाशी झाली, आणि परत आली नाही. कडा, दरी, कारवी, सगळं धुंडाळलं. काही मिळालं नाही.

काही म्हणतात, चकव्याने अखेर डाव साधला. इतकी वर्षं तो हाक मारत होता, एक दिवस तिला घेऊन गेला. बाकीचे म्हणतात, त्या दिवशी खरंच ठकीने हाक मारली होती. मला विचाराल तर मी कुठल्याच बाजूला नाही. चकव्याने नेलं असेल तर तिने ते कबूल करूनच ओ दिली होती. तरी पावसाळ्यात एकट्याने इथे बसलो की माझ्या मनात येतं, की ती ओ देताना कशी उठली हे धावजीने पाहिलं होतं, आणि तो तिला अडवू शकला नाही. त्याला काहीतरी दिसलं असणार.

त्या संध्याकाळी ढग जरा हलला तेव्हा धावजी या कडेला उभा राहिला. इतक्या वर्षांची बसलेली हाक त्याच्या गळ्यातून निघाली. आईला नव्हे, बहिणीला. राहिलेली तिसरी. सगळ्या कारवंडीने ऐकली. मग तो खाली बसला आणि थांबला.

थांबा, थांबा. ऐका.

ओ! मंजुळे, ओ!

अरे, नुसते बघता काय? द्या की ओ. हाक आली ना खालून? मंजुळाची होती का मॅडमची, ते बघत बसायचं नाही. द्या. अशी. निनादभाऊ, तुमचा आवाज बरा आहे की, मघाशी उगाच एको ऐकण्यात घालवलात.

आले बघा. या मॅडम, टेका इथे, पाय लांब करा. मंजुळा, पाणी दे त्यांना. काय म्हणता? वाट दिसेनाशी झाली, भीती वाटली, आणि वरून एवढ्या माणसांची ओ आली तेव्हा रडू आलं? मग रडा. त्यात काय. ती ओ मी एकट्याने नाही दिली, या सगळ्यांनी दिली.

आता सगळे वर आलात. घ्या पिशव्या पाठीला, पण पाऊल टाकू नका. एक राहिलंय. आजही या खिंडीत शेवटचं माणूस वर आलं की वाटाड्या खालच्या त्या दगडाकडे तोंड करतो आणि एक हाक मारतो. एकच. ऊन असो, ढग असो, पाहुणे घाईत असोत. धावजीची तिसरी हाक ती. या डोंगरावर येईल त्या प्रत्येक हाकेला ओ द्यायची, पण या एका हाकेला आपण कुणी द्यायची नाही. ती ओ ठकीची आहे. देईन म्हणून तिने सांगितलंय. आजवर आली नाही. आम्ही थोडा वेळ थांबतो आणि मग गावाकडे उतरतो.

हात जोडा म्हणत नाही, टोप्या काढा म्हणत नाही. फक्त तो स्पीकर बंद करा आणि बोलू नका.

ठके!